प्रोफेसरांना तुम्ही कसे दिसता?

ऑगस्ट संपत आला की इन्स्टावर एअरपोर्टचे फोटो सुरू होतात. दोन ट्रॉल्या, त्यावर सेलोटेपने गुंडाळलेल्या बॅगा, बाजूला उसनं हसणारे बाबा आणि आधीच रडून घेतलेली आई. तुमच्यापैकी काही जण यंदा त्या फोटोत असतील, काही पुढच्या वर्षी. आयईएल्ट्सचा स्कोअर, एसओपी, एज्युकेशन लोन, व्हिसाची अपॉइंटमेंट, बॅगेत भाजणी न्यावी की नाही, या सगळ्याचा सल्ला देणारे क्लासेस आणि कन्सल्टंट गल्लोगल्ली सापडतात. एका गोष्टीबद्दल मात्र कुणी काही बोलत नाही. तिथल्या वर्गात जो माणूस शिकवायला उभा असणार आहे, त्याच्या डोक्यात 'इंटरनॅशनल स्टुडंट' म्हटल्यावर कोणतं चित्र येतं?

प्रश्न हवेतला नाही. तुमची असाइनमेंट तोच तपासणार, डेझर्टेशनला हो-नाही तोच म्हणणार, आणि पुढे पीएचडी किंवा नोकरीसाठी रेकमेंडेशन लेटर लागलं तर तेही त्याच्याकडेच मागावं लागणार. परराष्ट्र मंत्रालयाच्या २०२४ च्या आकडेवारीनुसार १३ लाखांहून जास्त भारतीय विद्यार्थी परदेशात शिकत होते. एकट्या अमेरिकेत २०२३-२४ या वर्षात ३ लाख ३१ हजार. त्या वर्षी आपण चीनलाही मागे टाकलं. म्हणजे एवढी पोरं रोज कुठल्या ना कुठल्या प्रोफेसरच्या नजरेखालून जातायत.

गंमत अशी, की या नजरेवर खुद्द प्रोफेसर मंडळींनीच भरपूर अभ्यास केलाय आणि त्यावरून एकमेकांशी भांडणंही केलीयत. निदान तीस वर्षं हा वाद चालू आहे.

सुरुवात करू वर्गातल्या शांततेपासून. ब्रिटन, ऑस्ट्रेलिया, अमेरिकेत लेक्चरइतकंच महत्त्व सेमिनारला. पंधरा-वीस जण गोल बसतात, आधी वाचून आलेल्या मजकुरावर चर्चा होते, आणि तुम्ही बोलणं अपेक्षित असतं. आशियातून आलेला विद्यार्थी तिथे गप्प बसला की प्रोफेसर मनातल्या मनात एक नोंद करतो. वाचून आला नाही. किंवा इंग्रजी कच्चं आहे. किंवा याला स्वतःचं मतच नाही. आत काय चाललंय ते आपल्याला ठाऊक असतं. मुद्दा सुचलेला असतो, पण तो मराठीत सुचतो, मग इंग्रजीत जुळवायचा, 'मोअर' की 'मच मोअर' हे ठरवायचं, आणि हात वर करेपर्यंत चर्चा दोन स्टेशनं पुढे गेलेली. शिवाय बारावीपर्यंत आपल्याला शिकवलंय काय? सरांनी विचारल्याशिवाय बोलायचं नाही. मध्येच बोलणारा तो आगाऊ.

हे सगळं संशोधन मुख्यतः चीन, हाँगकाँग आणि आग्नेय आशियातल्या विद्यार्थ्यांवर झालंय हे खरं. पण वाचताना ठिकठिकाणी आपलाच वर्ग दिसतो.

जॉन बिग्ज हे ऑस्ट्रेलियन शिक्षणतज्ज्ञ बरीच वर्षं हाँगकाँग विद्यापीठात होते. त्यांना एक कोडं पडलं. पाश्चात्त्य प्रोफेसर म्हणतात, ही मुलं नुसती घोकंपट्टी करतात. मग हीच मुलं गणित-विज्ञानात पुढे कशी? १९९६ मध्ये डेव्हिड वॉटकिन्स यांच्यासोबत त्यांनी 'द चायनीज लर्नर' हे पुस्तक संपादित केलं, त्यातून समोर आलेली गोष्ट आपल्या आजीला विचारली असती तरी तिने सांगितली असती: पाठ करणं आणि समजून घेणं या दरवेळी दोन वेगळ्या गोष्टी नसतात. पाठ करता करताही अर्थ उलगडतो. बाहेरून बघणाऱ्याला फक्त पुटपुटणारे ओठ दिसतात.

याच बिग्ज यांनी शिकवणाऱ्यांच्या विचाराच्या तीन पायऱ्या मांडल्या. पहिल्या पायरीवरचा शिक्षक म्हणतो, विद्यार्थीच असा आहे, मी काय करणार. दुसऱ्या पायरीवरचा स्वतःच्या शिकवण्याच्या युक्त्या बदलत बसतो. तिसऱ्या पायरीवरचा बघतो, की विद्यार्थी प्रत्यक्षात काय करतोय, आणि ते करून तो शिकतोय का. परदेशी विद्यार्थ्याच्या बाबतीत पहिल्या पायरीवर थांबणं फार सोपं असतं, कारण खापर फोडायला 'त्यांची संस्कृती' आयतीच मिळते. अभ्यासक याला 'डेफिसिट मॉडेल' म्हणतात. साध्या मराठीत, उणिवांचा चष्मा. तो घातला की तुमच्यात काय कमी आहे तेवढंच दिसतं. तुम्हाला तीन भाषा येतात हे दिसत नाही, इंग्रजीचा आर्टिकल चुकला ते दिसतं.

या चष्म्याचा सगळ्यात महाग फटका बसतो तो प्लॅजिअरिझमच्या आरोपात. इथे अलास्टेर पेनिकुक यांचा किस्सा सांगायलाच हवा. पेनिकुक भाषेचे अभ्यासक. चीनमध्ये शिकवत असताना त्यांनी एका विद्यार्थ्याचा निबंध तपासला. अब्राहम लिंकनवर, छोटासा, पण इंग्रजी संशय यावा इतकं सफाईदार. त्यांनी विद्यार्थ्याला विचारलं. तो मुलगा घाबरला वगैरे काही नाही. शाळेच्या पुस्तकातला धडा त्याला अख्खा पाठ होता आणि आपल्याला येतं तेच लिहायला मिळालं म्हणून तो खूश होता. पेनिकुक यांनी त्याच्यावर कारवाईचा कागद काढला नाही. उलट ते स्वतःच विचारात पडले, की कुणाचे शब्द कुणाच्या मालकीचे हे नेमकं ठरवलं कुणी? त्यातून १९९६ मध्ये त्यांचा एक लेख आला, जो आजही या विषयात सगळे वाचतात.

आता हा किस्सा वाचून तुम्ही 'मग कॉपी चालते' असं समजू नका. अजिबात चालत नाही. ब्रिटनमधल्या किंवा अमेरिकेतल्या विद्यापीठाच्या चौकशी समितीसमोर 'आमच्याकडे असंच शिकवतात' हे उत्तर टिकत नाही. आपल्याकडे गाइडमधलं उत्तर शब्दशः लिहिलं तर पैकीच्या पैकी मिळतात, तिकडे तेच उत्तर तुम्हाला कोर्समधून बाहेर काढू शकतं. ऑक्सफर्ड ब्रूक्स विद्यापीठातल्या ज्यूड कॅरल यांनी आयुष्यभर याच विषयावर काम केलं, आणि त्यांचा रोख शिक्षकांवर जास्त आहे. नियम तुम्ही लहानपणापासून जगताय, समोरच्याला ते कुणी सांगितलेच नाहीत, मग आधी उघड करून शिकवा आणि नंतर पकडा. कॅरल आणि जॅनेट रायन यांनी २००५ मध्ये संपादित केलेल्या 'टीचिंग इंटरनॅशनल स्टुडंट्स' या पुस्तकाच्या पहिल्याच प्रकरणात परदेशी विद्यार्थ्यांना कोळशाच्या खाणीतल्या कॅनरी पक्ष्याची उपमा आहे. खाणीत विषारी वायू साचू लागला की तो चिमुकला पक्षी आधी गळून पडायचा आणि कामगार सावध व्हायचे. परदेशी मुलं गुदमरत असतील तर वर्गातली हवाच खराब आहे आणि थोड्या वेळाने स्थानिक मुलंही गुदमरणार, असा त्याचा अर्थ. उणीव कुणाची, हा प्रश्न त्या उपमेने पार फिरवून टाकला.

पण २०२२ च्या शेवटी चॅटजीपीटी आलं आणि जुना संशय नव्या कपड्यात परतला. आता प्रोफेसर 'हे कुठून उतरवलं' असं विचारण्याऐवजी 'हे एआयने लिहिलं का' असं विचारतो, आणि उत्तरासाठी डिटेक्टर सॉफ्टवेअरकडे बघतो. स्टॅनफर्डच्या संशोधकांनी २०२३ मध्ये असे सात डिटेक्टर तपासले. इंग्रजी मातृभाषा नसलेल्यांनी टोफेलसाठी लिहिलेले ९१ निबंध त्यांना दिले. माणसांनीच लिहिलेल्या या निबंधांना डिटेक्टरांनी सरासरी ६१ टक्के वेळा एआयचे ठरवलं. अमेरिकेतल्या आठवीच्या मुलांचे निबंध मात्र जवळजवळ सगळे बरोबर ओळखले. कारण ऐकून रडावं की हसावं कळत नाही. हे सॉफ्टवेअर पुढचा शब्द किती अपेक्षित आहे हे बघतं. परकी भाषा जपून लिहिणारा माणूस साधे, ओळखीचे शब्द वापरतो. म्हणजे तुम्ही ग्रामर सांभाळून, चुका टाळून लिहिलंत, तर मशीन म्हणणार हा मशीन आहे! त्याच वर्षी ऑगस्टमध्ये अमेरिकेतल्या व्हँडरबिल्ट विद्यापीठाने टर्निटिनचा एआय डिटेक्टर बंदच करून टाकला. सगळ्यांनी केलेला नाही. म्हणून जाणाऱ्यांसाठी एक अगदी व्यवहाराची गोष्ट: असाइनमेंट गुगल डॉक्समध्ये किंवा वर्डमध्ये व्हर्जन हिस्टरी चालू ठेवून लिहा, कच्चे ड्राफ्ट आणि नोट्स डिलीट करू नका. वेळ आली तर तेच तुमचे साक्षीदार.

एवढं वाचून प्रोफेसर म्हणजे व्हिलन असं वाटत असेल तर थोडं थांबा. त्यांच्या बाजूने बघितलं तर त्यांचाही जीव मेटाकुटीला आलेला असतो. इंग्लंडमध्ये स्थानिक विद्यार्थ्याच्या पदवीच्या फीला सरकारने मर्यादा घातलीय, ती बरीच वर्षं ९,२५० पौंडांवर अडकलेली होती. परदेशी विद्यार्थ्याच्या फीला अशी मर्यादा नाही. मग विद्यापीठाचं बजेट कुणाच्या जिवावर चालतं हे वेगळं सांगायला नको. प्रवेश किती द्यायचे हे वरचं ऑफिस ठरवतं, आणि अचानक फुगलेला वर्ग शिकवायला मिळतो तो एखाद्या वर्षभराच्या काँट्रॅक्टवरच्या लेक्चररला. ज्या विद्यार्थ्याला जास्त वेळ द्यायला हवा त्यालाच वेळ देता येत नाही. यातून काहींच्या मनात परदेशी विद्यार्थ्यांबद्दल अढी बसते. राग असतो मॅनेजमेंटवर, निघतो तुमच्यावर.

त्यात हजेरीचं प्रकरण. ब्रिटनमध्ये २००९ पासून नवी व्हिसा पद्धत आली, तिच्यात विद्यापीठ हे परदेशी विद्यार्थ्याचं 'स्पॉन्सर' झालं. मूल वर्गातून गायब झालं तर गृहखात्याला कळवायची जबाबदारी विद्यापीठाची. शिक्षकांच्या संघटनेने याला कडाडून विरोध केला होता. शिकवणारा माणूस हजेरी घेतो ती तुम्ही कुठे अडलात हे कळावं म्हणून, सीमेवरचा पहारेकरी म्हणून नाही, असं त्यांचं म्हणणं. ऑगस्ट २०१२ मध्ये लंडन मेट्रोपॉलिटन विद्यापीठाचं स्पॉन्सरशिपचं लायसन्सच सरकारने काढून घेतलं. दोन हजारांहून जास्त परदेशी विद्यार्थ्यांवर दुसरं विद्यापीठ शोधायची वेळ आली, नाहीतर देश सोडा. लायसन्स पुढच्या वर्षी परत मिळालं, पण तोवर ज्यांचं वर्ष गेलं ते गेलंच. तेव्हापासून तिकडे हजेरी हा शिक्षक आणि परदेशी विद्यार्थी यांच्यामधला जरा अवघड विषय आहे. कार्ड टॅप करायला विसरलात तर सर रागावतात ते उगाच नाही.

ऑस्ट्रेलियन अभ्यासक सायमन मार्जिनसन यांनी या सगळ्या वादात एक वेगळा मुद्दा काढला. २०१४ च्या त्यांच्या लेखाचा रोख असा: 'अॅडजस्ट होणं' हा शब्दच चुकीचा आहे. अॅडजस्ट म्हटलं की समोरचा देश हा साचा आणि तुम्ही मऊ पडून त्यात बसायचं. प्रत्यक्षात परक्या देशात एकटं राहून शिकणारा विद्यार्थी रोज स्वतःला घडवत असतो, दोन भाषांमध्ये, दोन जगांमध्ये. तो अर्धवट नाही, उलट स्थानिक मुलापेक्षा जास्त काम करतोय.

मला हे वाचताना राहून राहून एक जुनं उदाहरण आठवत होतं. १९२३ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा 'द प्रॉब्लेम ऑफ द रुपी' हा ग्रंथ लंडनमध्ये प्रसिद्ध झाला. प्रस्तावना लिहिली होती लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समधले त्यांचे प्राध्यापक एडविन कॅनन यांनी. प्रस्तावनेत कॅनन यांनी स्वच्छ लिहिलं, की आपल्याला विद्यार्थ्याची सगळी मतं पटलेली नाहीत. आणि तरीही त्याच्या मांडणीतला ताजेपणा, नेमक्या जागी बसलेले घाव त्यांनी मोकळेपणाने मान्य केले. जरा कल्पना करा. साम्राज्याच्या राजधानीतला प्रोफेसर आणि गुलाम देशातून आलेला विद्यार्थी. प्रोफेसर त्याच्या इंग्रजीचं कौतुक करत नाही, त्याच्यावर दया दाखवत नाही, त्याच्याशी वाद घालतो. कोलंबियातले प्राध्यापक एडविन सेलिगमन यांनीही पुढे १९२५ मध्ये बाबासाहेबांच्या प्रांतिक अर्थव्यवस्थेवरच्या ग्रंथाला प्रस्तावना लिहिली. प्रोफेसर आपल्याशी मतभेद नोंदवतो ही खरी बढती, असं माझं स्पष्ट मत आहे. 'व्हेरी गुड एफर्ट' हा शेरा मिळाला तर फार हुरळून जाऊ नका.

अशी नजर आपोआप मिळत नाही हेही तितकंच खरं. तिकडे प्रत्येक प्रोफेसरच्या वेळापत्रकात 'ऑफिस अवर्स' नावाची गोष्ट असते. त्या वेळेत कुणीही दार वाजवून आत जाऊ शकतो. आपली मुलं जातच नाहीत, कारण आपल्याकडे सरांच्या केबिनमध्ये बोलावणं येतं ते काहीतरी गडबड झाल्यावर. दुसऱ्या आठवड्यातच जा. शंका छोटी असली तरी चालेल. सेमिनारमध्ये गप्प बसणाऱ्या मुलाचा आवाज त्याने एकदा केबिनमध्ये ऐकलेला असेल, तर पुढच्या वेळी त्या शांततेचा अर्थ तो वेगळा लावतो. आणि हो, 'रिस्पेक्टेड सर' लिहून तीन ओळींची माफी मागणारे ईमेल नकोत. नावाने हाक मारा म्हणाले तर मारा, पहिल्यांदा जीभ अडखळेल, होईल सवय.

आता कॅमेरा जरा उलटा फिरवू. तुम्ही पुण्यात शिकत असाल तर परदेशी विद्यार्थी तुमच्या आसपास आहेतच. देशभराचा हिशेब मात्र छोटा आहे. केंद्र सरकारच्या उच्च शिक्षण सर्वेक्षणानुसार २०२१-२२ मध्ये भारतात ४६,८७८ परदेशी विद्यार्थी होते, एकूण ४ कोटी ३३ लाख विद्यार्थ्यांमध्ये. म्हणजे साधारण हजारात एक. सर्वाधिक नेपाळचे, मग अफगाणिस्तान, अमेरिका, बांगलादेश वगैरे. हजारात एक असलेल्या त्या मुलाला आपले प्राध्यापक कसे बघतात, यावर चर्चा होताना मी तरी फारशी ऐकलेली नाही.

एका प्राध्यापकाच्या नजरेची गोष्ट मात्र पुण्यात सगळ्यांना माहीत आहे. डॉ. शां. ब. मुजुमदार फर्ग्युसन कॉलेजमध्ये वनस्पतिशास्त्र शिकवायचे आणि मुलांच्या वसतिगृहाचे रेक्टर होते. मुलांच्या खोलीच्या खिडकीतून एक मुलगी काहीतरी आत देताना त्यांना दिसली. रेक्टरच तो, मनात यायचं ते आलंच. चौकशी केल्यावर कळलं, आतला मुलगा मॉरिशसचा, काविळीने आजारी, आणि ती त्याच्यासाठी जेवण आणत होती. इतक्या दूरवरून आलेल्या या मुलांचं इथे कुणीच नाही, हे त्यांना तेव्हा लख्ख दिसलं. त्यातून १९७१ मध्ये सिम्बायोसिस उभी राहिली. संशयाने सुरू झालेली नजर अशीही बदलू शकते.

बाकी आपल्याकडचं चित्र तुम्ही बघताच. परदेशी विद्यार्थ्याला आल्यावर १४ दिवसांत परदेशी नागरिक नोंदणी कार्यालयात नोंद करावी लागते, तिथले खेटे, मग भाड्याच्या खोलीसाठी फिरणं, त्यात तो आफ्रिकन असेल तर खोली 'आत्ताच गेली' असं ऐकणं. आणि वर्गात? आमच्या मास कम्युनिकेशनच्या वर्गात सुदानचा एक मुलगा होता. सर इंग्रजीत शिकवायचे पण विनोद मराठीत करायचे. सगळा वर्ग हसला की हा अर्धा सेकंद उशिरा हसायचा. ग्रुप असाइनमेंटला तो शेवटपर्यंत उरायचा.

पर्थच्या मर्डोक विद्यापीठात सिमोन व्होले आणि ग्रेस अँग यांनी १९९८ मध्ये नेमका हाच अभ्यास केला होता. स्थानिक आणि परदेशी दोघंही आपापल्या लोकांतच काम करणं पसंत करतात, आणि मिश्र ग्रुपचा चांगला अनुभव आला तरी पुढच्या वेळी परत आपल्याच माणसांकडे वळतात. म्हणून नुसतं एका वर्गात बसवून काही होत नाही, शिक्षकाला मुद्दाम काहीतरी करावं लागतं.

आमच्या रेडिओच्या सरांनी ते केलं. मित्रमैत्रिणींचे ग्रुप मोडून रोल नंबरप्रमाणे चौघाचौघांचे गट पाडले. विषय होता मंडईवर पाच मिनिटांचं फीचर. बाकी सगळे गट आधी स्क्रिप्ट लिहायला बसले. सुदानच्या मुलाच्या गटाला त्याने थेट मंडईत नेलं, कारण मराठी स्क्रिप्टमध्ये त्याला काहीच करण्यासारखं नव्हतं. शब्दांचा अर्थ कळत नसल्यामुळे त्याला भाजीवाल्यांच्या हाळीतली लय तेवढी ऐकू येत होती, कोण कुणाच्या आधी ओरडतं, कुठे थांबतं, वजनकाट्याचा आवाज कधी येतो. फीचरची पहिली पाऊण मिनिटं निवेदनाचा एक शब्द नव्हता, फक्त मंडई होती. सरांनी ते वर्गात दोनदा लावलं.

पुढच्या असाइनमेंटला गट आम्हालाच पाडायला सांगितले होते. वर्ग पुन्हा आपापल्या कोंडाळ्यात गेला आणि तो पुन्हा उरला. त्याच्या पुढच्या खेपेला सरांनी काही न बोलता रोल नंबरची यादी काढली.